पाहुणी आली, घरची झाली

जपानमधल्या शाळकरी मुलांना त्यांच्या आवडीचे जेवण विचारले, तर सुशीच्या जोडीने एक नाव हमखास कानावर येते : ‘कारे राइसु’, म्हणजे करी आणि भात. खोलगट ताटात एका बाजूला पांढरा चिकट भात, दुसऱ्या बाजूला तपकिरी, दाट रस्सा. रश्शात बटाटा, गाजर, कांदा आणि मांसाचे तुकडे. जपानी माणूस एरवी काड्यांनी जेवतो, पण ही करी तो चमच्याने खातो. पावसात भिजून आल्यावर, परीक्षेच्या आदल्या रात्री, आईला दिवसभर दम मिळाला नसेल त्या संध्याकाळी जपानच्या घराघरांत हे जेवण शिजते. आपल्याकडे अशा वेळी खिचडी चढते, किंवा दाल-चावल.

आपल्या घरी ‘कढी’ म्हटले की ताकाची पिवळी कढी डोळ्यांसमोर येते. म्हणून या लेखात आम्ही ‘करी’ हाच शब्द ठेवतो. आपल्या बोलीत त्याला सालन म्हणा, रस्सा म्हणा. मुळात आपल्याच उपखंडातले हे सालन जपानी आईच्या हातचे कसे झाले, हे समजून घेण्यासारखे आहे. कारण घरोघरी, विशेषतः नवी सून घरात आल्यावर, एक वाद रंगतोच : अस्सल चव कोणती, आणि बदललेली चव म्हणजे बिघडलेली चव का?

लंडनमार्गे जपानला

ही करी भारतातून थेट जपानला गेली नाही. ती आधी इंग्लंडला गेली. ‘करी’ हा शब्द दक्षिणेतल्या तमिळसारख्या भाषांतून युरोपीय व्यापाऱ्यांनी उचलला. हॅना ग्लास या इंग्रज बाईंच्या १७४७ सालच्या पाककृतींच्या पुस्तकात हिंदुस्तानी पद्धतीची करी छापलेली आहे. पुढे १८१० मध्ये पाटण्यात जन्मलेल्या शेख दीन मुहम्मद यांनी लंडनमध्ये ‘हिंदुस्तानी कॉफी हाऊस’ काढले. ते ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेत राहिलेले गृहस्थ होते. आपल्याकडचे सालन आणि सोबत हुक्का, असा तिथला थाट होता. धंदा चालला नाही, दोनच वर्षांत दिवाळे निघाले. पण हिंदुस्तानातून परतलेल्या साहेबांच्या जिभेवर ही चव बसलेली होती.

अडचण मसाल्याची होती. आपल्याकडे मसाला पाट्यावर रोज वाटला जायचा, आणि भाजीला एक, मटणाला दुसरा, माशाला तिसरा. इंग्लंडमधल्या बाईकडे ना पाटा, ना तेवढा वेळ. मग धने, जिरे, हळद, मेथी, मिरी असे सारे एकत्र दळून बाटलीत भरले गेले आणि त्याला ‘करी पावडर’ नाव पडले. रस्सा दाट करायला पीठ लावायची रीतही इंग्रजांचीच. ही बाटली आणि ही रीत एकोणिसाव्या शतकात इंग्रजी जहाजांतून जपानच्या बंदरांत उतरली. म्हणून जपानी लोकांनी करीला सुरुवातीला हिंदुस्तानी जेवण मानलेच नाही. त्यांच्या लेखी ते पाश्चात्त्य साहेबांचे खाणे होते.

जपानलाही तेव्हा नव्या जेवणाची गरज पडली होती. इ. स. ६७५ मध्ये सम्राट तेन्मू यांनी काही जनावरांचे मांस खाण्यावर बंदी घातली होती. बौद्ध विचारांचा पगडा होता. त्यामुळे शतकानुशतके बहुतेक जपानी समाज चार पायांच्या जनावरांच्या मांसापासून दूर राहिला. १८६८ नंतर मेइजी राजवटीत देश बदलू लागला. १८७२ मध्ये खुद्द सम्राटाने गोमांस खाल्ल्याचे जाहीर झाले. त्याच वर्षी पाश्चात्त्य स्वयंपाकाची दोन जपानी पुस्तके निघाली आणि दोन्हींत करीची कृती होती. एका कृतीत तर कोंबडी आणि कोळंबीबरोबर चक्क बेडूकही घातला आहे! पदार्थ नवा असला की माणसे हातात येईल ते घालून पाहतात.

आजारातून आलेली करी

करी घराघरांत पोचण्यामागे एक दुखरे कारण आहे. त्या काळात जपानी नौदलात बेरीबेरीचा कहर होता. पाय सुजत, हातापायांतली ताकद जाई, शेवटी हृदय बंद पडे. १८८३ मध्ये ‘रयूजो’ हे जहाज लांबच्या सफरीवरून परतले, तेव्हा ३७६ जणांपैकी १६९ जणांना बेरीबेरी झाला होता आणि २५ जण दगावले होते. नौदलाचे डॉक्टर ताकाकी कानेहिरो लंडनला शिकून आले होते. त्यांच्या लक्षात आले की इंग्रज खलाशांना हा रोग होत नाही, आणि त्यांचे जेवण वेगळे आहे. जपानी खलाशी मात्र पोट भरून पांढरा, सडलेला तांदूळ खात. गरीब घरातून आलेल्या पोराला रोज पांढरा भात मिळणे म्हणजे मोठी चैन होती.

पुढच्या वर्षी ताकाकींनी ‘त्सुकुबा’ हे जहाज जवळपास त्याच मार्गाने पाठवले, पण मांस आणि धान्याचा वेगळा शिधा देऊन. यावेळी मोजकेच खलाशी आजारी पडले आणि बेरीबेरीने कोणीही दगावले नाही. ताकाकींचा अंदाज होता की जेवणात प्रथिने कमी पडतात. खरे कारण जीवनसत्त्व ‘बी-१’ होते. तांदूळ सडताना कोंड्याबरोबर ते निघून जाते. हे पुढे कळले, पण इलाज आधीच लागू पडला होता. भूदलाने मात्र पांढऱ्या भाताचा हट्ट सोडला नाही. १९०४-०५ च्या रशिया-जपान युद्धात बेरीबेरीने सुमारे २७,००० जपानी सैनिक गेले.

आता प्रश्न असा की भाताची सवय असलेल्या पोराच्या पोटात मांस, गाजर आणि गव्हाचे पीठ घालायचे कसे? करी इथे कामी आली. भात तसाच राहतो, वर दाट रस्सा पडतो, आणि एकाच मोठ्या पातेल्यात शेकडो माणसांचे जेवण होते. १९०८ मध्ये नौदलाने आपले स्वयंपाकाचे पुस्तक काढले, त्यात करी-भाताची कृती छापली आहे. नोकरी संपवून गावी गेलेल्या जवानांनी ती कृती आपापल्या घरी नेली. जपानच्या आजच्या सागरी दलातही दर शुक्रवारी करी असते. समुद्रावर सगळे दिवस सारखेच वाटतात, करी आली की शुक्रवार आल्याचे कळते. आपल्याकडेही कितीतरी घरांत जुमा ओळखला जातो तो बिर्याणीच्या वासानेच.

छावणीतून घरात आलेले जेवण आपल्यालाही नवे नाही. मराठवाड्यातले नान-कलिया घ्या. मुहम्मद बिन तुघलकाने चौदाव्या शतकात राजधानी दौलताबादला हलवली, तेव्हा फौजेबरोबर हे जेवण दख्खनेत आले, असे तिकडचे लोक आजही सांगतात. आज ते शादीच्या दस्तरख्वानावरचे मानाचे जेवण आहे.

सफरचंद, मध आणि डबा

यानंतरची गोष्ट कारखान्यांची आहे, तरी तिच्या मध्यभागी आई आणि मूलच आहेत. १९२३ मध्ये यामाझाकी मिनेजिरो यांनी जपानमध्येच करी पावडर तयार केली, त्यामुळे महागड्या इंग्रजी बाटलीवर अवलंबून राहणे कमी झाले. दुसऱ्या महायुद्धानंतर पीठ, चरबी आणि मसाला एकत्र शिजवून चॉकलेटसारख्या वड्या पाडून विकायला सुरुवात झाली. भाज्या आणि मांस उकडा, वडी विरघळवा, जेवण तयार. तरीही करी तिखटच होती आणि लहान मुले तोंड फिरवत. १९६३ मध्ये एका कंपनीने सफरचंद आणि मध घातलेली गोडसर वडी काढली आणि ती घराघरांत खपली. १९६८ मध्ये तर नुसती पाकीट गरम पाण्यात टाकून खायची तयार करी आली. १९८२ च्या २२ जानेवारीला देशभरच्या शाळांत मुलांना दुपारच्या जेवणात करी देण्याचा उपक्रम झाला. आजही २२ जानेवारी हा तिथे ‘करी दिवस’ मानतात.

सोबतीला आपल्याकडे लोणचे, तिकडे ‘फुकुजिन्झुके’, म्हणजे मुळा आणि इतर भाज्यांचे गोडसर लोणचे. शिवाय प्रत्येक घराचे एक गुपित असते. कोणी रश्शात चमचाभर कॉफी घालते, कोणी चॉकलेटचा तुकडा, कोणी दही. त्याला ते ‘काकुशि आजि’ म्हणतात, म्हणजे लपलेली चव. करी दुसऱ्या दिवशी जास्त मुरते, हेही ते लोक आपल्यासारखेच मानतात. फक्त तिथले डॉक्टर एक गोष्ट बजावतात आणि ती आपणही ऐकावी : दाट रश्शाचे मोठे पातेले रात्रभर ओट्यावर ठेवू नका. त्यात जंतू वाढतात आणि पोट बिघडते. छोट्या भांड्यांत काढा, लवकर थंड करून फ्रीजमध्ये ठेवा आणि खाताना नीट उकळा.

मग अस्सल कोणती?

हा प्रश्न जपानमध्येही एकदा उभा राहिला होता आणि तो एका हिंदुस्तानी माणसाने उभा केला होता. क्रांतिकारक रासबिहारी बोस १९१५ मध्ये इंग्रजांच्या हातून निसटून जपानला पोचले. जपान सरकारने त्यांना देशाबाहेर जाण्याचा हुकूम दिला, तेव्हा तोक्योच्या शिंजुकु भागातल्या ‘नाकामुराया’ या पावाच्या दुकानाचे मालक सोमा आणि त्यांच्या पत्नी यांनी त्यांना आपल्या घरात लपवले. पुढे त्यांची मुलगी तोशिको हिच्याशी बोस यांचे लग्न झाले. तोशिको फार लवकर, १९२५ मध्ये वारली. १९२७ मध्ये नाकामुरायाने खाणावळ काढली, तेव्हा बोस यांनी तिथे पीठ न लावलेली, मसाल्यांत शिजवलेली हिंदुस्तानी मुर्गीची करी सुरू केली. इंग्रजांनी पोचवलेली करी खरी नव्हे, हे त्यांना दाखवायचे होते. नेहमीच्या करीच्या कित्येक पट महाग असूनही ती चालली आणि आजही तिथे मिळते.

बोस यांचे म्हणणे रास्तच होते. आपल्या देशाची ओळख परक्या सत्तेच्या हातून पोचावी, हे कोणाला आवडेल? तरीही जपानी आईने घरी शिजवली ती पिठाची, बटाट्याची, सफरचंदाची करी. कारण ती तिच्या मुलांच्या तोंडाला, तिच्या तांदळाला आणि तिच्या वेळेला जुळत होती. दोन्ही करी शंभर वर्षे शेजारी शेजारी नांदत आहेत. एकीमुळे दुसरीचे काही अडलेले नाही.

आपल्या चुलीवरही हेच चालत आले आहे. मिरची, बटाटा, टोमॅटो हे तिन्ही अमेरिका खंडातून आले. कोल्हापूरच्या तांबड्या रश्शातली मिरची पाचशे-सहाशे वर्षांपूर्वी या मुलखात नव्हतीच. ‘बटाटा’ हा शब्द पोर्तुगिजांचा. जपानमध्ये बटाटा जकार्ताकडून आला, म्हणून तिकडे त्याचे नावच जकार्तावरून ‘जागाइमो’ पडले. ‘पाव’ हाही पोर्तुगीज शब्द, आणि जपानी भाषेत पावाला ‘पान’ म्हणतात तोही त्याच पोर्तुगीज शब्दावरून. आपण पावात बटाटेवडा घातला, त्यांनी पावात करी भरून तो तळला. आणि आपली खिचडी इंग्लंडला गेली, तेव्हा तिच्यातली डाळ सुटली, धुरावलेला मासा आणि उकडलेले अंडे आले आणि ती साहेबाच्या नाश्त्याची ‘केजरी’ झाली.

आपला प्रश्न : डब्यात काय आहे?

आता मुसलमान घराचा खास प्रश्न. जपानी करीच्या पुष्कळ वड्यांत गाईची आणि डुकराची चरबी असते. खाणावळीत करीवर तळलेल्या डुकराच्या मांसाचा तुकडा हा तर फार लोकप्रिय प्रकार. ‘मिरिन’ नावाचे गोड मद्य तिकडच्या स्वयंपाकात सर्रास वापरतात. शिकायला, नोकरीला तिकडे जाणाऱ्या आपल्या मुलामुलींनी दोन-तीन शब्द ओळखायला शिकावेत : ‘बुता’ म्हणजे डुक्कर, ‘रादो’ म्हणजे त्याची चरबी, ‘साके’ म्हणजे दारू. बाजारात फक्त भाज्या असलेली दिसणारी वडीही पाकिटामागे वाचूनच घ्यावी. अलीकडे हलाल प्रमाणपत्राच्या वड्या मिळतात, आणि तिथल्या एका मोठ्या करी-साखळीने तोक्योत हलाल शाखाही काढली आहे.

जपानमध्ये मुसलमानांचे पाऊल नवे नाही. कोबे या बंदरात १९३५ मध्ये त्या देशातली पहिली मशीद उभी राहिली. तिला वर्गणी देणाऱ्यांत हिंदुस्तानी मुसलमान व्यापारी होते, तातारी होते. १९४५ च्या बॉम्बवर्षावात आणि १९९५ च्या भूकंपात आजूबाजूचे शहर कोसळले, मशीद उभी राहिली. आज तिच्या आसपास हलाल दुकाने आहेत. तोक्योच्या निशिकासाई भागात हिंदुस्तानी कुटुंबांची मोठी वस्ती आहे आणि त्यांत मराठी बोलणारी घरेही आहेत.

शिक्षक म्हणून आम्हाला सर्वांत जास्त भिडते ती तिथल्या शाळेतली गोष्ट. जपानमध्ये दुपारचे जेवण वर्गातच होते. मुले पाळीपाळीने पांढरे अंगरखे आणि टोप्या घालून सगळ्यांना वाढतात आणि शिक्षकही त्यांच्याबरोबर जेवतात. अशा वर्गात एक मुसलमान मूल असेल आणि त्या दिवशी डुकराच्या मांसाची करी असेल, तर त्याने काय करावे? शाळा महिन्याचा जेवणाचा तक्ता आधीच घरी पाठवते. तो वाचून कितीतरी माता पहाटे उठून तोच पदार्थ हलाल जिनसांत करतात आणि डब्यात देतात. वर्गात करी, तर डब्यातही करी. मूल वेगळे खाते, पण वेगळे पडत नाही.

आमच्या वर्गांतही डबा झाकून खाणारी मुले असतात. कुणाच्या डब्यात सुकट असते, कुणाच्या अंडे, कुणाच्या फक्त चटणी-भाकरी. शेजारचा नाक मुरडतो की ते मूल झाकण खाली ओढते. शालेय पोषण आहाराची खिचडी वाढली जाते, तेव्हा मात्र सगळे एका ओळीत येतात. त्या मातांनी पहाटे उठून जे साधले ते आपणही शिकावे. आपल्या मर्यादा पाळायच्या, आणि मुलाला पंगतीतून उठवायचेही नाही. हलाल-हरामचा हिशेब पदार्थाच्या नावाला किंवा देशाला लागत नाही, तो त्यातल्या जिनसांना लागतो. नाव परके म्हणून दूर सारू नये, आणि नाव ओळखीचे म्हणून पाकीट न वाचता उचलू नये.

घरी करून पाहा

वडीची गरज नाही. चार-पाच माणसांसाठी हलाल जपानी करी अशी करता येते.

चार चमचे मैदा तीन मोठे चमचे तुपात मंद आचेवर दहा मिनिटे परता. रंग बिस्किटासारखा झाला की दोन चहाचे चमचे धने पूड, एक चमचा जिरे पूड, एक चमचा हळद, अर्धा चमचा काश्मिरी मिरची, पाव चमचा मेथी पूड, पाव चमचा मिरपूड आणि चिमूटभर गरम मसाला घाला. मिनिटभर हलवून उतरवा. हीच आपली वडी.

दुसऱ्या पातेल्यात तीन कांदे उभे चिरून थोड्या तेलात चांगले बदामी करा. अर्धा किलो हाडाविना मुर्गी परता. दोन बटाटे, दोन गाजरे मोठ्या फोडी करून घाला. पाच वाट्या पाणी आणि मीठ घालून शिजवा. बटाटा मऊ झाला की अर्धे सफरचंद किसून घाला. मग गरम रस्सा थोडा थोडा त्या भाजलेल्या पिठात घालून गुठळ्या मोडा आणि सगळे परत पातेल्यात ओता. मंद आचेवर दहा मिनिटे हलवत राहा, शेवटी एक चमचा मध घाला. गोश्त घालायचे तर आधी वेगळे शिजवून घ्या. भात बासमतीचा नको. मावळातला इंद्रायणी जपानी तांदळासारखाच चिकट होतो, तोच चढवा.

पहिल्यांदा घरातले मोठे म्हणतील, हे कसले सालन, यात ना खोबरे ना आले-लसूण. म्हणू द्या. पुढच्या वेळी थोडे आले-लसूण घाला आणि त्याच्या पुढच्या वेळी मिरची वाढवा. आणि सून माहेरचा मसाला घेऊन आली, किंवा मुलगा परदेशातून एखादी नवी कृती शिकून आला, तर आधी जिनसा विचारा. जिनसा हलाल असतील, तर बिस्मिल्लाह म्हणून एक घास घ्या आणि मग मीठ-मिरचीचे बोला.